मॅडम, हे आभार सगळ्यांसमोरच मानायचेत

मॅडम, समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या सुरगाण्याच्या पाड्यांवर माहिती गोळा करायला येणाऱ्यांची काही कमी नाही. गाडी येते, फॉर्म भरून घेतात, आज्याला कथा गाताना वाजवायची थाळी घेऊन बसवतात, व्हिडिओ काढतात आणि गेले की परत तोंड दाखवत नाहीत. एकानं तर आज्यानं सांगितलेली कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवतेची, कथा स्वतःच्या नावावर छापली, आणि आज्या त्यात नुसता "एक वृद्ध आदिवासी". अजून संताप होतो.

तुम्हीही आलात, ऐकून घेतलंत, नाशिकला परत गेलात, मला वाटलं झालं. पण तुम्ही लिहिलेली पानं घेऊन परत आलात आणि ओट्यावर खाली बसून आज्याला पहिल्यापासून वाचून दाखवलीत, दर पानाला "बाबा, बरोबर आहे ना?" विचारत. मध्येच त्यानं हात वर करून थांबवलं, एक तुकडा सुटला होता, मग काशाची थाळी पुढे ओढली आणि मेणात रोवलेल्या काडीवरून बोटं ओढत तेवढंच परत गायला, आणि तुम्ही पेन्सिलीनं तिथल्या तिथे दुरुस्त केलंत. पीएचडीवाली बाई माझ्या अंगठेबहाद्दर आज्याकडून चूक काढून घेतेय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि पहिल्या पानावर सांगणारा म्हणून त्याचं पूर्ण नाव!

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली इथल्याच नाशिकच्या जेलमध्ये लिहिली हे शिकवताना तुम्ही आम्हाला विचारलंत, "आणि तुमचं लहानपण कोण लिहिणार?" आश्रमशाळेत आम्ही मामाच्या गावची सुट्टी यावर निबंध लिहायचो, आणि आईबाप द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी-निफाडच्या बागांत, धाकट्यांना बरोबर घेऊन. ते कुणी कधी विचारलंच नाही, उलट तोंडातून घरची बोली निघाली की सर लोक हसायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या कोसबादच्या कुरणशाळाही तुमच्यामुळेच कळल्या, जिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर गेली. तुमचं वागणं त्याच घराण्यातलं आहे. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात हो, पण समोरच्याचा मान ठेवून वागणारी फार कमी, आणि तेवढ्यानंही माणसाची पाठ ताठ होते.

आज्याचा निरोप आहे, यंदा आमच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला यायचं आणि वस्तीला राहायचं, त्याच दिवशी नाशिकची एसटी पकडायची नाही. नागलीची भाकरी आई करणार आहे, आणि अजून दोन कथा तुम्ही लिहून घ्यायच्यात.