तुझ्या एसओपीत मोडी कुठेय?

प्रिय बाबू,

अमेरिकेतल्या इतिहासाच्या पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेल्या तुझ्या एसओपीचा, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनाचा, ड्राफ्ट काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत वाचला. इथे आता पाच वाजायच्या आत काळोख पडतो, त्यामुळे लायब्ररीतून लवकर घरी येते आणि मग संध्याकाळ भरपूर उरते, म्हणून मेसेजवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा पत्रच लिहिते. मावशीने नरकासुराचे आणि पोह्यांचे फोटो पाठवले होते, बघून बांदोड्याला यावंसं वाटलं.

आधी मुद्द्याचं. दोन पानांचा एसओपी, त्यातलं अख्खं पहिलं पान तुला लहानपणापासून इतिहासाची आवड कशी आहे यावर गेलंय, आणि दुसऱ्या पानावर चार मोठ्या विद्वानांची नावं. मोडी हा शब्द कुठेच नाही! मराठी फक्त एकदा, तेही मातृभाषा म्हणून. अरे तू गेली दीड वर्षं त्या देवळाच्या जमाखर्चाचे मोडीतले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून वाचतोयस, मावशीकडे जेवताना पण तेलवातीचा खर्च आणि महाजनांची भांडणं याशिवाय बोलत नाहीस असं ती सांगते, आणि हे सगळं तू लपवून का ठेवलंस? मला कळतं का ते. आपल्याला वाटतं की तिकडच्या लोकांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच थिअरीत बोललं तरच पटेल. मी पहिल्या वर्षी हेच केलं. आठ ठिकाणी अर्ज, आठही ठिकाणून नकार, आणि त्या मार्चमधे मी सावंतवाडीत मोती तलावावर एकटी जाऊन बसायचे हे तुला आठवत असेल. दुसऱ्या वर्षी माझा कागदांचा प्रश्न पहिल्या ओळीत आणला आणि तेव्हा झालं.

तुझा प्रश्न तर किती चांगला आहे. 1560 च्या सुमाराला पोर्तुगीजांच्या भीतीने कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, चोडणचा देवकीकृष्ण शेवटी माशेलात. ही गोष्ट गोव्यात शेंबड्या पोराला पण माहितीये. पण देव आले तेव्हा त्यांचे हिशोब कसे आले, मागे राहिलेल्या गावाशी देणंघेणं कुणी आणि कुठल्या भाषेत सांभाळलं, हे तू विचारतोयस. पोर्तुगीजांच्या 1567 च्या फोरालमधे, म्हणजे जमीन-महसुलाच्या दप्तरात, देवळांच्या जमिनींच्या याद्या आहेत, म्हणजे एक बाजू पोर्तुगीजमधे आणि दुसरी बाजू तुझ्या मोडी रुमालांत, आणि दोन्ही एकत्र वाचू शकणारी माणसं अगदी थोडी. बाबू, सुरुवात इथून कर. नदीपलीकडच्या गावातून दरवर्षी येणाऱ्या नारळांची जी नोंद तू मला ऑगस्टमधे फोनवर वाचून दाखवलीस ना, ती पहिल्या परिच्छेदात टाक, मग ती वाचून तुला काय प्रश्न पडला ते, मग पाच वर्षांत काय शोधणार ते, आणि त्या विभागात कुणाबरोबर आणि का. आवड वेगळी सांगायची गरजच पडत नाही मग.

सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1910 मधे हार्वर्डला गेले ते पालीच्या जोरावर, तिथे विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथाच्या कामाला पाली खरोखर येणारा माणूस हवा होता. मला हे उदाहरण फार धीर देतं.

पोर्तुगीज मात्र लागणारच. तुझ्याच विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे, ताळगावला रोज जातोसच, तर आत्ताच नाव घाल आणि अर्जात तसं लिही. पणजीच्या पुराभिलेखात कामाला जातोस हेही सविस्तर लिही. ते दफ्तर 1595 मधे इतिहासकार दियोगु दु कोतूच्या हाताखाली सुरू झालं आणि तिथल्या मोन्सोंइशचे, म्हणजे लिस्बनशी झालेल्या सरकारी पत्रव्यवहाराचे, 62 खंड 1777 मधे लिस्बनला नेले, म्हणजे तुला लिस्बनला पण जावं लागेल, तेही प्लॅनमधे दिसू दे.

रायटिंग सॅम्पल बहुतेक ठिकाणी 20-25 पानं मागतात. एमएचा अख्खा प्रबंध कापून कोंबू नकोस, ज्या प्रकरणात तुझे स्वतःचे कागद आहेत तेच घे, वर एक छोटी प्रस्तावना लिही, आणि मराठी उतारे भाषांतराबरोबर मूळ पण ठेव. भाषांतर नीट हवं, मी तपासून देते.

रेकोबद्दल, म्हणजे सरांच्या शिफारसपत्रांबद्दल, मला जास्त काळजी आहे. तीन पत्रं लागतात आणि डेडलाईन बहुतेक 1 ते 15 डिसेंबरच्या मधे, म्हणजे हातात महिनाच आहे. माझ्या पहिल्या वर्षी एका सरांनी हो हो म्हणून शेवटपर्यंत पत्र टाकलंच नाही, मी रोज फोन करत होते आणि शेवटी रडले. तू प्रत्येकाला एक पान दे, त्यांच्या वर्गात काय लिहिलंस, कुठले कागद वाचलेस, कुठे अर्ज करतोयस, तारीख कुठली. कुणी म्हणालं तूच लिहून आण मी सही करतो, तर नम्रपणे हेच पान पुढे कर. आपलं आपण लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं, आणि ते बरोबरही नाही.

आता पैशाचं, हे आई-बाबांसाठी पण. एका अर्जाची फी साधारण 75 ते 125 डॉलर असते, त्यामुळे बारा ठिकाणी नको, पाच-सहा पुरे, आणि प्रत्येक ठिकाणी फी माफीसाठी मेल कर, विचारलं तर बऱ्याच ठिकाणी देतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता इतिहासाला बहुतेकांनी काढून टाकलीये. आणि मुख्य म्हणजे, अमेरिकेत चांगल्या विभागात मानव्यविद्यांच्या पीएचडीला फी माफ असते, वर पाच-सहा वर्षं स्टायपेंड, त्याबदल्यात शिकवायचं. बाबा मागच्या फोनवर म्हणाले की लागलं तर काजूची बाग विकायला काढू. बाग काढायची नाही. फंडिंगशिवाय जागा मिळाली तर ती जागा आपली नाही असं समजायचं. काही ठिकाणी पीएचडी नाकारून त्याच पत्रात स्वतःच्या खर्चाने एमए करा असं कळवतात, ते वाचून घरात पेढे वाटू नका, लाखो रुपयांचं असतं ते.

यावर्षी अवघड आहे हे पण सांगते, नाहीतर उद्या म्हणशील ताईने सांगितलं नाही. शिकागोने 2025 मधे मानव्यविद्यांच्या बऱ्याच विभागांत पुढच्या वर्षासाठी पीएचडीचे नवे विद्यार्थी घ्यायचे थांबवले, इतरांनीही जागा कमी केल्यात. पुढे कायमची नोकरी मिळेलच असंही नाही, माझ्या पुढच्या वर्गातली फार हुशार माणसं वर्षावर्षाच्या कंत्राटावर शहरं बदलतायत. म्हणून आपल्याकडची डिसेंबरची नेट परीक्षा सोडू नकोस. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये, आणि तुझे कागद तर पणजीत आणि फोंड्यातच आहेत. ती वाट मला कमी वाटत नाही. उलट सगळं नीट जमलं तरी तुला संशोधनाला वर्षभर तिथेच परत यायचंय.

निकाल फेब्रुवारी-मार्चमधे येतात, होकार आला तर 15 एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ असतो, कुणी घाई केली तर मला आधी सांग.

नवा ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव, मी सोमवारी मोकळी आहे. मावशीला म्हणावं सोलं संपली, कुणी येणार असेल तर पाव किलो पाठव. आणि शनिवारी सावंतवाडीला जाशील तेव्हा हे पत्र बाबांना वाचून दाखव, बागेचं दोनदा वाच.

तुझी,
ताई