आक्कांची माती

प्रिय अन्या,

सप्रेम सलाम. नाताळला तुला साधा फोन केला नाही आणि आता गरज पडली तेव्हा कागद घेऊन बसलोय. शिव्या दे, पण हळू, तूही पाळक आहेस. शुगर आटोक्यात, गुडघे आहेत तसेच.

चिंचेखालच्या आक्का गेल्या. 'हा उपदेशक नव्हे रे, लाउडस्पीकर आहे' असं तुला तोंडावर म्हणणाऱ्या त्याच. रात्री त्यांचा मुलगा दारात आला. हातात पाचशेच्या नोटा, रबर लावलेल्या. म्हणाला, "पाळकसाहेब, आईची वर्गणी थकलीय. पावतीशिवाय कबरस्तानात खणू देणार नाहीत म्हणतात. एवढ्यात होईल का?" आई घरात चादरीखाली, आणि पोरगं उसनवारी करत फिरतंय! नोटा त्याच्याच खिशात कोंबल्या, खणणाऱ्याला जाऊन उठवलं आणि दुसऱ्या दिवशी माती दिली.

मग चर्चची कमिटी बसली. खजिनदार म्हणाले, "प्रीती पुलपिटावर ठेवा साहेब, कारभार नियमाने चालतो." बदली करू म्हणतात. करू देत, ट्रंका अजून पुरत्या उघडल्यात कुठे? आणि खजिनदार वाईट नाहीत रे. पावसात मंडळीच्या डोक्यावर पत्रे आहेत ते त्यांच्याच चिवटपणामुळे.

तुला आठवतं, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात आपण यावरूनच भांडलो होतो? तू म्हणालास, 1897 च्या दुष्काळातल्या पोरी रमाबाईंनी नुसत्या कळवळ्यावर जगवल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, पुढे छापखाना घातला, आणि हे हिशेबाशिवाय होत नाही. मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव काढलं, 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडणारा माणूस. तू म्हणालास, "त्यांच्या घरी लक्ष्मीबाई होत्या, तुझ्या घरी कोण आहे?" बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.

शेवटी तू बायबलमधला पौल काढलास: तीमथ्याला लिहिताना त्यानेही विधवांची यादी केली, साठीच्या आतली नको म्हणाला. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचतंय. ती यादी कोणाला सांभाळायचं याची होती, कोणाकडून किती येणं आहे याची नव्हती. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय बघ. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या, कुरकुर झाली, म्हणून सात जण नेमले. आमच्या वहीत आक्कांच्या नावापुढे 'थकबाकी' लिहिलंय. आक्का वर्षभर अंथरुणाला होत्या, हे कुठेच नाही.

कमिटीत हे बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मातीहून परतताना भांडी घासणाऱ्या आपल्या मावशींनी गाठलं. त्यांची वर्गणी महिन्याच्या महिन्याला येते, पदराच्या गाठीतून. म्हणाल्या, "साहेब, आक्कांचं केलंत ते बरं केलंत. पण मग मी का भरते?" रागाने नाही, खरंच विचारत होत्या. मी प्रार्थनेबद्दल काहीतरी पुटपुटलो. आक्कांवर केलेली माया मावशींच्या कष्टांवर उधार निघाली, असं तर नाही ना झालं? खजिनदारांना मी पुरून उरेन, मावशींपुढे माझी जीभ उचलत नाही. वर्गणीच बंद करा म्हणावं, तर पत्रे कोण बसवणार? ऐपतीप्रमाणे द्या म्हणावं, तर ऐपत ठरवायला परत कमिटीच! तूच सांग. नियमांचा वकील तू, मी नव्हे.

मिरजेचं कसं काय? रात्री-अपरात्री वॉर्डात बोलावतात म्हणे, झोपत जा जरा. सोनूला नर्सिंगला प्रवेश मिळाला हे बाहेरून कळलं. वहिनींना सलाम, आणि पेढे इकडे पोचलेले नाहीत हेही सांग.

रविवारी भक्तीनंतर मंडळीची सभा आहे, त्याआधी फोन कर. स्पीकरवर घेणार नाही, लक्ष्मीबाईंचा विषय निघाला तर पंचाईत.

तुझाच,
सुधा