उभ्या टँकरचा वाली कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदरला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर उलटला की दुसऱ्या दिवशी बातमी येते. वाहतूक किती तास ठप्प होती, रांग कुठपर्यंत गेली, क्रेन किती वाजता आली, सगळे असते. टँकरमध्ये काय होते, हे मात्र ‘ज्वलनशील रसायन’ नाहीतर नुसते ‘केमिकल’ म्हणून उरकलेले असते. मी एमआयडीसीत ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची १२ लोडिंग बेवर, म्हणजे टँकर भरायच्या-रिकामे करायच्या जागी, त्यामुळे मला ती चुटपुट लागते. पण आजचे पत्र उलटलेल्या टँकरबद्दल नाही. ते उभ्या टँकरबद्दल आहे.

आमची वसाहत घणसोलीत, हमरस्त्याच्या पश्चिमेला. रेल्वेचे रूळ आणि रस्ता ओलांडला की पूर्वेला कारखाने, आणि त्यांच्यामागे थेट पारसिक डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेल्या वस्त्या. रात्री दहानंतर कारखान्यांकडच्या सर्व्हिस रोडला टँकरची रांग लागते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्या रांगेतल्या एका टँकरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागले. पाऊस भुरभुरत होता. थेंब जिथे पडत होते तिथून पांढरा धूर उठत होता, म्हणून पोरांना वाटले गाडी पेटली. जेवण उरकून शतपावलीला निघालेली माणसे तिकडे वळली, आणि मी पोहोचलो तेव्हा दहा-बारा मोबाइल चित्रीकरण करत होते. एक सज्जन बादली घेऊन आले होते.

बादली आधी थांबवली. धूर कशाचा हे माहीत नसताना पाणी ओतायचे नसते. आत तीव्र गंधकाम्ल असेल तर बादलीभर पाण्याने ते उकळल्यासारखे उसळते आणि ओतणाऱ्याच्याच तोंडावर येते. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला होता. पलीकडून विचारले, टँकर कशाचा आहे? प्रश्न अगदी बरोबर होता, पण उत्तर कुणाकडेच नव्हते.

वास्तविक उत्तर टँकरवरच लिहिलेले असायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३४ सांगतो की धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर तीन ठिकाणी माहितीचा फलक हवा: रसायनाचे नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, ते ओळखण्याचा संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंच आकड्यांत, धोक्याचे चौकोनी चिन्ह, आणि आणीबाणीत फोन कुणाला करायचा तो नंबर. या टँकरवर फलक होता, नाही असे नाही. नाव चिखलाने लिंपलेले. क्रमांकातले पहिले दोन आकडे दिसत होते, १ आणि ७, शेवटचा ९, तिसरा खरवडलेला. आता हे बघा: १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, १७७९ म्हणजे फॉर्मिक आम्ल, आणि १७१९ म्हणजे कॉस्टिकसारखा दाहक अल्कली द्रव. एका आकड्यावर आम्लाचे अल्कली होते. मला वासावरून आणि दमट हवेत उठणाऱ्या पांढऱ्या वाफेवरून हायड्रोक्लोरिक कळले, कारण ते मी आयुष्यभर हुंगले आहे. पण वस्तीची सुरक्षा एका निवृत्त माणसाच्या नाकावर सोडायची का? आणि नाक दगाही देते. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की आधी नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तीच वेळ घातक असते.

ड्रायव्हर सापडायला पाऊण तास लागला. तो पुलापलीकडच्या ढाब्यावर जेवायला गेला होता, क्लीनर बरोबर आणलाच नव्हता. आल्या आल्या म्हणाला, ‘साहब, सील तो बंद है.’ सील बंदच होते. फ्लँजचे गॅस्केट, म्हणजे नळीच्या जोडातली चकती, गेले होते, त्याला सील काय करणार? अग्निशमनच्या जवानांनी पाण्याचा फवारा वाफेवर धरून ती खाली बसवली, माती टाकून ओघळ अडवला, नंतर चुना आला. त्यांनी काम चोख केले, हे मुद्दाम नोंदवतो.

वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणून आमची वसाहत वाचली. वाफ पूर्वेला, डोंगराकडच्या चाळींवर गेली. तिथल्या लहान मुलांना रात्रभर खोकला आणि डोळ्यांची आग. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘देवाची कृपा’ असे संदेश फिरले तेव्हा मला वाचवेना. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून खाडीकडे, म्हणजे आमच्या बाजूला वाहतो. हाच टँकर जानेवारीत गळला असता तर देवाची कृपा डोंगराकडे गेली असती.

नियमांत खोट असेल असे वाटून मी ते काढून वाचले. नियम १३३ म्हणतो की धोकादायक माल भरलेली गाडी चालवली जात नसेल तेव्हा ती आग, स्फोट आणि इतर धोक्यांपासून सुरक्षित जागीच उभी केलेली असावी, आणि ती कायम ड्रायव्हरच्या किंवा दुसऱ्या जाणकार सज्ञान व्यक्तीच्या देखरेखीखाली असावी. इतके स्पष्ट लिहिलेले आहे. फक्त ती सुरक्षित जागा कुठे, हे त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला कुणी दाखवलेले नाही.

गुजरातेतून माल घेऊन तो घोडबंदरमार्गे येतो. ठाण्यात अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीच्या वेळा सांभाळत, कळवा ओलांडून रात्री अकराला कारखान्याच्या गेटवर पोहोचतो. गेटवर उत्तर मिळते: टाकीत जागा नाही, सकाळी नंबर लागेल. आणि आता मला एक कबुली द्यायची आहे. हे उत्तर कित्येक रात्री मी स्वतः दिलेले आहे. इंटरकॉम उचलायचा आणि वॉचमनला सांगायचे, ‘थांबव त्याला बाहेर, सकाळी घेऊ.’ गेटच्या आत घेतला की तो आमचा साठा, आमच्या आराखड्यात, आमच्या सेफ्टी ऑफिसरच्या डोक्यावर. बाहेर उभा राहिला की कुणाचाच नाही. आत वीस टन आम्लाला बंदिस्त कठडा, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे, सायरन, शॉवर. बाहेर तेच वीस टन, आणि शेजारी भुर्जीची गाडी. तेव्हा मला यात काही वावगे वाटले नव्हते.

१९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असतो, औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक गट असतो. स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी एक पूर्ण रंगीत तालीम घ्यायची आणि आसपासच्या लोकांना शिकवायचे, असे त्यात आहे. तालमी कारखान्यांच्या कुंपणात होतात, मी स्वतः हेल्मेट घालून त्यांत पळालो आहे. आमच्या वसाहतीच्या फाटकाशी २६ वर्षांत एकही झालेली नाही, डोंगराकडच्या चाळींत तर नाहीच. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन निघालो, तर एका कार्यालयाने रस्ता आपला नाही म्हणून सांगितले, दुसऱ्याने गाडी आपली नाही म्हणून, आणि तिसऱ्याने अर्जाची झेरॉक्स मागितली.

गळती मोठी असती तर? १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर टँकर पेटला तेव्हा जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले, आणि खालून जाणारी माणसेही त्यात सापडली. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ धडकेत गॅसच्या टँकरची नोझल तुटली आणि आजूबाजूची वाहने क्षणात भडक्यात आली. तिथे टँकर निदान धावत्या रस्त्यावर होते. आमच्याकडे ते झोपायला येतात. त्यात रात्रीचा काळोख साधून नाल्यात टाकाऊ रसायन सोडणारेही याच रांगेत मिसळतात. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत असेच सोडल्यावर शेकडो रहिवाशांना दवाखान्यात न्यावे लागले होते.

माझे मागणे फार नाही. एमआयडीसीच्या हद्दीत, वस्तीपासून लांब, रासायनिक टँकरसाठी कुंपणाची जागा द्या. तिथे मातीचे ढीग, पाणी, उजेड आणि ड्रायव्हरांसाठी संडास-न्हाणीघर असू द्या, म्हणजे त्यांना ढाबा शोधत फिरावे लागणार नाही. ज्या कारखान्याचा माल, त्यानेच गेटवर आलेला टँकर आत घ्यायचा किंवा त्या जागेपर्यंत पोहोचवायचा. तोवर पोलिसांनी आणि परिवहन खात्याने आठवड्यातून एकदा रात्री त्या रांगेतून बॅटरी घेऊन चक्कर मारावी आणि फक्त फलक वाचावेत. वाचता आला नाही तर गाडी तिथून हलणार नाही, एवढे केले तरी चिखल आपोआप पुसला जाईल.

शेजाऱ्यांसाठी दोन गोष्टी. धूर दिसला तर बघायला जाऊ नका. रुमाल हवेत धरून वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याला आडवे चालत लांब व्हा. घरीच असाल तर खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखा बंद. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो तळमजल्यावर साचतो, तेव्हा वरच्या मजल्यावर जा. गॅसचा टँकर असेल तर ठिणगी नको, विजेच्या बटणालाही हात नको. फोन ११२ किंवा १०१ ला करा, आणि फलकावरचे चार आकडे लांबूनच दिसत असतील तर तेवढे आधी सांगा.

आणि संपादक महाशय, आपल्याकडे एक विनंती. पुढच्या वेळी टँकरची बातमी छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराला रांग किती किलोमीटर होती याच्या आधी ते चार आकडे विचारायला सांगा.

आपला,
एक निवृत्त कामगार, घणसोली, नवी मुंबई