सफरचंदाला युरिया देताना हात आखडता घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या शेजारी आता एचआरएमएन-९९, अ‍ॅना, डोरसेट गोल्डन ही कमी थंडीत येणारी सफरचंदे दिसू लागली आहेत. झाड लवकर फुलावे म्हणून लागवडीच्या खड्ड्यातच युरिया, डीएपी टाकण्याची घाई होते, आणि कोवळ्या मुळ्या तिथेच करपतात. खड्ड्यात दहा किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळावे, एवढेच. रासायनिक खत नवे फुटवे वीतभर झाल्यावर.

हिमाचलमधील शिफारस झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे नत्र ७०, स्फुरद ३५, पालाश ७० ग्रॅम अशी आहे. म्हणजे पहिल्या वर्षी युरिया साधारण १५० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २२० ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश १४० ग्रॅम. बोअरचे पाणी खारे असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइड असलेले पालाश खत) टाळावेच. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाले तर सल्फेट ऑफ पोटॅशही कमी करावे. युरिया तीन-चार हप्त्यांत, खोडापासून वीतभर लांब आळ्यात द्यावा आणि लगेच पाणी सोडावे. सप्टेंबरनंतर नत्र बंद.

नत्र जास्त झाले की शेंडे पळतात, पाने गर्द हिरवी होतात आणि झाड फूलकळी धरायचे विसरते. वर्षात शेंडा दोन-अडीच फूट वाढला तर पुरे. तीन फुटांवर गेला तर पुढचा हप्ता गाळावा. उभ्या फांद्या सुतळीने बाहेर ओढून तिरप्या बांधल्या तर कळी लवकर धरते. हे काम कोणत्याही खतापेक्षा मोलाचे.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत कोवळे पान पिवळे पडते, शिरांची जाळी तेवढी हिरवी राहते. ती लोहाची कमतरता. युरिया वाढवून जात नाही. सामू (पीएच) आठच्या वर असेल तर जमिनीतून ईडीडीएचए चिलेट (अशा जमिनीतही मुळांना मिळणारे लोह) द्यावे. ईडीटीए चिलेट अशा जमिनीत टिकत नाही, हिराकसही (फेरस सल्फेट) लगेच बांधला जातो.

पहिल्या वर्षी आलेली फुले खुडावीत, नाहीतर सांगाडाच होत नाही. अ‍ॅनाजवळ परागासाठी डोरसेट गोल्डन नसेल, तर फुले येऊनही फळधारणा तोकडी राहते.

आणि मूळ प्रश्न खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्याचा. बियांच्या खुंटावरचे झाड फळाला सहा-आठ वर्षे घेऊ शकते, एम-९ या बुटक्या खुंटावरचे दोन-तीन वर्षांत येते. रोपवाटिकांनी पावतीवर जातीबरोबर खुंटाचे नावही लिहावे, असा नियम कृषी विभागाने करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फळबाग अभ्यासक, सोलापूर