गोळी संपते तेव्हा खलाशी समुद्रात असतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदयदिनाला चाला, मीठ कमी करा, ताण घेऊ नका, असे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात. सल्ले खरे आहेत; मिश्री सुटायला हवी यातही दुमत नाही. पण मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी बाई चालण्यात कुठे कमी पडते?

ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांची पाहणी झाली. पक्की नोकरी, मोफत सरकारी उपचार. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी बराच फरक उरलाच. आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तर ना पक्की नोकरी, ना हाकेच्या अंतरावर डॉक्टर.

रक्तदाबाची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण ती आणायला दिवसाची मजुरी बुडते. खलाशी कित्येक दिवस ट्रॉलरवर असतो, गोळ्या मध्येच संपतात. "माका काय होणा नाय, मगे गोळी कित्याक?" हे उत्तर आरोग्यसेविका म्हणून मी अनेक घरांत ऐकले. रक्तदाब दुखत नाही, हाच त्याचा धोका. मग एक दिवस पक्षाघात होतो; तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव नाही ना हे पाहायला त्याआधी सीटी स्कॅन. ज्याच्या दारात गाडी आहे तो निघतो. बाकीच्यांचा वेळ गाडी शोधण्यात, पैसे उसने घेण्यात जातो. पुढे मोठ्या इस्पितळासाठी कोल्हापूरचा घाट किंवा गोव्यातल्या बांबोळीचा रस्ता उरतोच. महात्मा फुले योजना इस्पितळाचे बिल भरते, बुडालेला रोज नाही.

उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. त्याचा फायदा जेटीपर्यंत न्यावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा स्थानिक खलाशांचा रक्तदाब बंदरावरच तपासावा. नेपाळी खलाशी त्या काळात गावी जातात, त्यांची तपासणी ऑगस्टमध्ये होड्या सुटताना करावी. प्रत्येकाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. मासळी विकणाऱ्या बायांसाठी तपासणी लिलाव संपल्यावर तिथेच ठेवावी. आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅन रात्रीही चालू राहील एवढी माणसे नेमावीत.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, वेंगुर्ले