अल्कलाईन पाणी, उपवास आणि कर्करोगाची गाठ

महोदय,

‘अल्कलाईन पाण्याने कर्करोग मरतो’ आणि ‘उपवास केला की ऑटोफॅजी सुरू होऊन गाठ विरघळते’ हे दोन दावे व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या जोडीने फिरत आहेत. पहिल्यामागचा समज असा की जेवणातल्या आम्लाने गाठ वाढते आणि अल्कलाईन, म्हणजे आम्ल शमवणाऱ्या, पाण्याने ती मरते. दुसऱ्याला जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेलचा दाखला दिला जातो. पेशी स्वतःचे जुने भाग मोडून पुन्हा वापरते, याला ऑटोफॅजी म्हणतात; त्याची जनुके ओसुमींनी यीस्टमध्ये शोधली. कर्करोगावरचा उपचार म्हणून त्यांनी उपवास सुचवलेला नाही.

गाठीतली आम्लता जेवणातून येत नाही, ती गाठच तयार करते. तिच्या पेशी ग्लुकोजचे भराभर लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात आणि रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते तिथेच साचते. निरोगी ऊतीत पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४ च्या आसपास असतो, गाठीत तो अनेकदा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. अशा आम्लात तग धरायला पेशींना ऑटोफॅजीच उपयोगी पडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आम्लात ठेवून ऑटोफॅजीला लागणारे एटीजी५ हे जनुक दाबले, तेव्हा त्या कमी जगल्या. म्हणजे उपवासाने ऑटोफॅजी वाढलीच, तर ती गाठीच्याही पथ्यावर पडू शकते.

मग ऑटोफॅजी औषधाने थांबवावी? ऑटोफॅजी अडवणाऱ्या क्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधावर तसे प्रयोग झाले, पण आम्लताच आडवी येते. या औषधाचा विद्युतभार नसलेला रेणूच पेशीत सहज शिरतो. पीएच ७.४ वरून ६.८ वर आला की असे रेणू दहापटीहून अधिक घटतात.

आता पाणी. शुद्ध पाण्याचा पीएच नुसता ९ केला, तर त्या लिटरभर पाण्याने जठरातले पीएच २ चे जेमतेम एक मिलिलिटर आम्ल शमते. उंदरांमध्ये आम्ल शमवणाऱ्या खाण्याच्या सोड्याने कर्करोगाचा प्रसार कमी झालेला दिसला हे खरे, पण त्यांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम सोडा होता. त्यात साडेचार ग्रॅमहून जास्त सोडियम येते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २ ग्रॅमची आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग घरी अजिबात करू नये.

केमोथेरपी सुरू असताना वजन फार घटले तर औषधाचा डोस कमी करावा लागू शकतो किंवा उपचाराची पुढची फेरी (सायकल) लांबू शकते. त्यामुळे जेवण बंद करण्याआधी रुग्णाने आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला आणि आहारतज्ज्ञाला विचारावे, आणि वृत्तपत्रांनी अशा पाण्याच्या यंत्रांच्या जाहिराती छापताना कर्करोगाचा दावा गाळावा, ही विनंती.

– पेशीजीवशास्त्राचे अभ्यासक, पुणे