‘लिक्विड डाएट’ म्हणजे नक्की काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,

गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली. आशाताई तिशीपुढच्या माणसांना तोंडाच्या तपासणीला केंद्रावर घेऊन येतात. कर्करोग निघालाच, तर ऑपरेशन आणि लाइट (म्हणजे रेडिएशन) महात्मा फुले योजनेत होतं. इथवरचा रस्ता तुमच्या खात्याने आखलाय. पुढे लाइटच्या ३०-३३ बैठका संपवून माणूस नाकातून पोटात अन्न नेणाऱ्या नळीसकट गावी परततो, आणि त्या तोंडात पुन्हा टॉर्च मारून बघायचं काम कोणाचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आम्ही अशा रुग्णांचा आहार, गिळणं आणि समुपदेशन यांवर काम करतो. घरी सोडतानाच्या कागदावर बहुतेकदा दोनच शब्द असतात: ‘लिक्विड डाएट’. हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे.

घरचे ऐकतात ‘पातळ’, आणि देतात तांदळाची पेज, वरणाचं पाणी, शहाळं. ५० किलोच्या माणसाला या काळात रोज किमान १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नळीतून २०० मिलीचे आठ फीड दिले, तरी नुसत्या पेजेवर पाचशे कॅलरीसुद्धा भरत नाहीत. पोट भरलेलं आणि माणूस उपाशी. त्याऐवजी १५० मिली दूध, दोन चमचे मोड काढून वाळवलेल्या नाचणीचं पीठ शिजवून, एक मोठा चमचा दूध पावडर, एक चमचा तेल, एक चमचा साखर (मधुमेह असेल तर साखर नको, आणि बाकीचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून) घेतलं, तर एका फीडमध्ये दोनशेच्या वर कॅलरी आणि आठेक ग्रॅम प्रथिनं जातात. नाचणी मोड काढलेलीच हवी. साध्या पिठाची पेज निवली की घट्ट होते आणि नळीत बसते. मोड आल्यावर धान्यातला पिष्ट (स्टार्च) पचवणारा रस जागा होतो, म्हणून ते पीठ पातळ राहतं. मिश्रण बारीक गाळणीतून गाळायचं, कोमट द्यायचं, रुग्णाला उशा लावून बसतं ठेवायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी नळीतून सोडायचं. नळी तुंबते ती या पाण्याच्या आळसाने, नाहीतर चार गोळ्या एकदम कुटून ढकलल्याने. मग घरातलं कोणीतरी तार घालायला जातं. तार कधीच घालायची नाही.

नळी निघाली की दुसरं सुरू. लाळ आटलेली असते, चव गेलेली असते, तिखटाचा कण लागला तरी आग होते. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा गुळण्या, हे सगळ्यात स्वस्त औषध. सगळ्यांना वाटतं पाणी सोपं. पण जिभेचा भाग काढलेल्याला पाणीच अवघड जाऊ शकतं, कारण ते गिळण्याच्या आधीच घशात पळतं. घोटानंतर खोकला आला किंवा आवाज ओला, घरघरता झाला, तर अन्न-पाणी श्वासनळीत जातंय असं समजायचं. त्यावरून न्यूमोनिया होतो.

जबड्याचं दुखणं तर सुपारीने आधीच सुरू केलेलं असतं, लाइट ते वाढवते. पुढच्या दातांमध्ये उभी तीन बोटं मावायला हवीत. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की जबडा आखडला. सर्जनने परवानगी दिल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, ३० सेकंद, पाच वेळा, दिवसातून पाचदा, आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. लाइट संपल्यावरही महिनोन् महिने आतली कातडी आवळत राहते, म्हणून वर्षभर तरी हे सोडायचं नाही.

इथेच मनाचा प्रश्न येतो. ओठाच्या कडेने वरण ओघळतं, एका वाटीला पाऊण तास लागतो, म्हणून माणूस पंगत टाळतो, मग घरातही भिंतीकडे तोंड करून जेवतो. वर ‘तंबाखू खाल्लीस, भोग आता’ हे ऐकायचं. मन खचलं की काड्या सुटतात, काड्या सुटल्या की तोंड मिटतं, आणि वजन उतरतं. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशातच रस उरला नाही का, एवढे दोन प्रश्न वजनकाट्यापाशीच विचारता येतात. उत्तर ‘हो’ आलं, तर जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. शिवाय मानेला लाइट दिली की थायरॉइड मंदावू शकतं. थकवा, उदासी, सुस्ती त्यातूनही येते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा ते बारा महिन्यांनी तपासायलाच हवं.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे. पण निम्मी जीभ गेलेल्या माणसाचं बोलणं फोनवर कळत नाही, आणि ‘परत सांगा’ दोनदा ऐकलं की तो फोन ठेवून देतो. त्याला लिहून बोलता यायला हवं, किंवा समोर बसून.

म्हणून मागणं असं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ज्या दिवशी आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समुपदेशक एकाच दालनात भेटतील. नंदुरबारच्या माणसाला नळी बदलायला मुंबई गाठावी लागू नये. त्या दिवशी ५० मिलीची सिरिंज आणि काड्यांचा गठ्ठा फुकट मिळावा. आणि घरी सोडताना एक मराठी कार्ड द्यावं: वजन, तोंड किती मिलिमीटर उघडतं, नळी बदलायची तारीख, टीएसएचची तारीख. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलोने उतरलं, तर आशाताईंनी त्याला पुढच्याच ठरलेल्या दिवशी पाठवावं. कार्डाची मागची बाजू रिकामी ठेवू नका. तिथे वरच्या नाचणीच्या फीडचं प्रमाण छापा, चमच्यांत आणि वाट्यांत, कारण मिलीचं माप घरात नसतं.

आपले,
तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करणारे आहारतज्ज्ञ, गिळण्याचे उपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक